प्रमिलाबाईंनी घेतलेली झडती

मेथीच्या जुड्या बांधत होते तेव्हा प्रमिलाबाईंच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई गेल्या. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, अन्..." मी जुडी हातात तशीच धरून बांधावर बसून राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, त्या तुमच्या कोण होत्या? नात्यागोत्यातल्या नव्हत्या. पोलिसात शिपाई म्हणून लागल्या आणि हवालदार म्हणून निवृत्त झाल्या. आमची पहिली भेट झाली ती मला अटक झाली त्या दिवशी.

लग्न करून मी नालवाडीला आले ते भाजीवाल्यांच्या घरात. पहिली मुलगी अंगावर पीत होती, तरी वांग्यांचा भर आला की बाजार चुकवता येत नसे. त्या दिवशी पुलगावहून काळी-पिवळी जीपने परत येत होते. वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. पण माझ्या रिकाम्या टोपल्यांखाली देशी दारूच्या बाटल्यांची पिशवी निघाली. ज्याची होती तो गाडी थांबताच उतरून निघून गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, मले काई माहीत नाई. टोपल्या माझ्या, म्हणून पिशवीही माझी ठरली.

ठाण्याच्या ओसरीत पाचपंचवीस माणसं उभी होती. त्यांच्यासमोर एका हवालदाराने माझ्या छातीकडे बोट केलं. "अंगावरही लपवलं हाय हिनं. काढ बाहेर काय हाय ते." सकाळपासून लेकीला सोडून निघालेली मी... दूध दाटलं होतं, झिरपत होतं, म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या ब्लाउजमध्ये घातल्या होत्या. हे त्या माणसांमध्ये कसं सांगायचं? मी पदर गच्च धरून भिंतीला टेकले. तो आणखी एक पाऊल पुढे आला.

तेवढ्यात बंदोबस्तावरून परतलेल्या प्रमिलाबाई आत आल्या. ठेंगण्या, सावळ्या, उन्हाने चेहरा रापलेला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "थांबा भाऊ. बाईची झडती बाई घेईन. मी हाय ना."

"टाइम नाई आपल्याजोळ. साहेब येऊन राह्यले."

"मंग साहेबाले सांगा, प्रमिला झडती घेऊन राह्यली."

आवाज चढला नव्हता. पण हवालदार मागे सरकला.

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. खिडकीची काच फुटलेली होती, तिथे स्वतःचा रेनकोट अडकवला. फाटकावर चहा विकणाऱ्या बाईंना पंच म्हणून आत घेतलं आणि कडी लावली. मग प्रत्येक वेळी आधी सांगून हात लावला. "आता कमरेपाशी पाहू दे... आता केस सोड, लवकर बांधू मंग." छातीपाशी त्यांच्या हाताला ओल लागली. त्या थबकल्या.

"पोरगी घरी हाय का?"

मी मान हलवली आणि तिथपर्यंत अडवून धरलेलं रडू फुटलं. त्यांनी आपल्या पिशवीतला धुतलेला नॅपकिन माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "बदलून घे. घाई नाई."

बाहेर आल्यावर हवालदाराने विचारलंच, "मंग ते काय होतं?"

"झडतीत काई मिळालं नाई. तेवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं गेलं. मग त्यांनीच घरी निरोप धाडला. सासूबाई लेकीला घेऊन आल्या. त्याच खोलीत मी तिला पाजलं आणि प्रमिलाबाई बाहेर दाराशी उभ्या राहिल्या. संध्याकाळी ड्रायव्हरने पिशवीवाल्याचं नाव सांगितलं आणि मला सोडलं.

घरी आले, पण माझ्याशी कोणी बोलेना. गल्लीत नाही नाही ते बोललं जात होतं. सासूबाई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हत्या. अशात एक दिवस साध्या सुती साडीत प्रमिलाबाई दारात उभ्या. भाजी घेतली, ओट्यावर बसल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, झडती मी घेतली. तुमच्या सुनेले कोन्या माणसाचा हात लागला नाई." सासूबाई बराच वेळ लेकीचं अंगडं नीट करत बसल्या, मग मला म्हणाल्या, "चहा ठेव बाईसाठी." पुढच्या बाजाराला मी पुन्हा वांगी घेऊन गेले.

पुढे मैत्री झाल्यावर मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही तसं म्हणालात म्हणून माझा संसार राहिला. त्या वांगं भाजत होत्या. भरीत त्यांच्यासारखं कोणाला जमत नसे. "हात लागला असता तरी तुयी काई चूक नोयती," त्या म्हणाल्या. "पण म्हातारीले त्या दिवशी तेवढंच समजलं असतं. म्हणून तसं बोलली." मग वांगं उलटवत म्हणाल्या, "अन् मी काई मोठं केलं नाई. अटक झालेल्याची झडती घेता येते, पण बाई असंन तं बाईनंच, तेही मर्यादा ठेवून, असा कायदाच हाय. तो माणूस इसरला होता, मले याद होती."

त्या 'याद' असण्यापायी त्यांना पुढे कितीतरी दिवस उन्हातल्या ड्युट्या लागल्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायच्या त्या भलत्याच गोष्टी. गल्लीतल्या कुत्र्याला किती भितात, वर्दीचा पट्टा पोटाला कसा काचतो... माझी लेक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली, पण ती पहिली ओळख कशी झाली हे त्यांनी तिलाही कळू दिलं नाही. मोठी झाल्यावर मीच तिला सांगितलं.

तेरवीच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या घरी होते. अंगणात मांडव घातला होता. दुपारी सून हळूच जवळ आली. "मावशी, या बाया कोण हायत? कोणी वडनेरची, कोणी हिंगणघाटची. इचारलं तं म्हणतात, ओळख होती. कशी ते कोणीच सांगत नाई... आई कुठं भेटल्या या सगळ्यायले?"

मी पाहिलं. कोणी म्हातारी, कोणी माझ्या वयाची, एक तर अगदी तरुण, कडेवर पोर. एकमेकींना त्या ओळखत नव्हत्या. प्रत्येक बाई फोटोला हात जोडत होती आणि कोणाशी न बोलता कडेला जाऊन बसत होती.

"ड्युटीवर," मी म्हटलं.

सून त्या बायांसाठी पाणी आणायला आत गेली. पोर कडेवर घेतलेली ती तरुण बाई बसायला जागा शोधत होती. मी सतरंजीवर थोडी सरकले आणि तिला माझ्याजवळ बसवून घेतलं.