ब्रदर टार्पलींचं उत्तर

लुवेनिया शेल्बी काळ्या मुलांच्या शाळेत शिवण शिकवायची, पण अलाबामातलं आमचं ते गाव तिला ओळखायचं ते तिच्या प्रश्नांमुळे. शिकागोच्या एका कंपनीचं पाकीट आलं की तिचं कामाला लागणं ठरलेलं. डोक्यावर हॅट, हातात पेन्सिल, आणि दारोदार फिरून विचारायचं की तुम्ही साबण कोणता वापरता, रेडिओवर काय ऐकता. दर चार वर्षांनी प्रश्न बदलायचा. देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा असं तुम्हाला वाटतं?

पहिल्यांदा काम शिकवायला शिकागोहून एक साहेब आले होते. ते म्हणाले, अख्ख्या देशाला विचारत बसायची गरज नसते. पातेलं कितीही मोठं असो, सूप चाखायला एक चमचा पुरतो. लुवेनिया थक्कच झाली. मूठभर माणसांच्या बोलण्यातून एवढ्या मोठ्या देशाच्या मनातलं कळतं आणि त्यात आपणही चमचा धरायचा, या विचाराने तिला दोन दिवस दुसरं काही सुचेना. तिने हे चर्चमध्ये ओरा टार्पलीला सांगितलं.

"पुरतो की," ओरा म्हणाली. "पण आधी ढवळावं लागतं. तळाला बसलेलं आपणहून वर येत नसतं, बाई."

ओरा ही एझेल टार्पलींची बायको. एझेल धुराडी बांधायचे. गोऱ्यांच्या वस्तीत एक घर असं नव्हतं की ज्याच्या धुराड्याला त्यांचा हात लागला नव्हता. स्वभावाने कमी बोलणारे, आणि तत्त्वाला असे पक्के की चर्चमध्ये त्यांना 'ब्रदर' म्हणणारे लोकही त्यांना टरकून असायचे.

१९४८च्या शरदात लुवेनिया पहिल्यांदा त्यांच्या व्हरांड्यात बसली. छापील कागदावरचा पहिला प्रश्न तिने वाचला.

"येत्या निवडणुकीत तुम्ही मत देणार आहात का?"

"मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलो होतो मी कोर्टात," एझेल म्हणाले. "कारकुनाने राज्यघटनेचं पान वाचायला दिलं. वाचलं. मग म्हणाला, समजावून सांग. सांगितलं. तर म्हणतो, तू काय सांगितलंस ते मला समजलं नाही. आता त्याला समजत नाही, यात माझा काय दोष?"

"आणि दुसऱ्या दिवसापासून गोऱ्यांकडची तीन कामं गेली," ओराने आतून पुस्ती जोडली.

"मग 'नाही' लिहू ना, ब्रदर टार्पली?"

"नाही म्हणजे माझी इच्छा नाही, असं होतं. इच्छा आहे."

"मग 'हो'?"

"हो म्हटलं तर खोटं होईल. देऊ देत नाहीत, असं लिही."

असा चौकोन कागदावर नव्हता. त्या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही', दोनच. आणि 'नाही' आलं की तिथेच थांबायचं, पुढचं विचारायचं नाही, असा कंपनीचा नियम. मत न देणाऱ्याचं मत कोणाला हवंय? लुवेनियाने समासात बारीक अक्षरांत त्यांचं वाक्य लिहिलं आणि कागद मिटायला घेतला.

"पुढचं विचार," एझेल म्हणाले.

"ते मोजणार नाहीत, ब्रदर टार्पली."

"तू विचार तर."

तिने विचारलं. एझेल म्हणाले, उद्या ये, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ते रविवारचा कोट घालून बसले होते. एकेक शब्द नीट मांडत त्यांनी आपला माणूस सांगितला, तोच का तेही सांगितलं. लुवेनियाने सगळं लिहून घेतलं. हा कागद केराच्या टोपलीत जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने एक शब्दही गाळला नाही. इतक्या गांभीर्याने मत देणारा माणूस तिने गोऱ्यांतही पाहिला नव्हता.

कंपनीचं पत्र आलं, समासात लिहू नये. त्या निवडणुकीत सगळ्या चाचण्यांनी ज्याला हरवून टाकलं होतं तोच निवडून आला, आणि ओरा आठवडाभर हसत होती. "ढवळलंच नव्हतं मेल्यांनी."

मग दर चार वर्षांनी हेच चाललं. तोच कोट, तोच पहिला प्रश्न, समासातलं तेच वाक्य. मध्ये दोनदा एझेल पुन्हा कोर्टात जाऊन आले, दोन्हीदा तोंडघशी पडले. पण एक दिवस आपलं उत्तर मोजलं जाणार, हे त्यांनी सोडलं नाही. ओरा चिडवायची, "देवाने विचारलं तरी एवढा वेळ लावणार नाहीत हे." लुवेनियाला मात्र त्या व्हरांड्यात पाय ठेवताना चर्चमध्ये शिरल्यासारखं वाटायचं.

पासष्ट साली काळ्यांचा मताचा हक्क राखणारा कायदा झाला. वॉशिंग्टनहून माणसं आली, पोस्टात टेबल मांडून मतदारांची नावं नोंदवायला बसली. रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. एझेल काठी टेकत दिवसभर उन्हात उभे राहिले, कोणी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मागे लुवेनिया होती. या वेळी त्यांना काहीही समजावून सांगायला लागलं नाही.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात शिकागोचं पाकीट आलं, तेव्हा लुवेनियाने आधी टार्पलींचं घर गाठलं. एझेल कोट घालून बसलेले. कोट आता अंगावर लोंबत होता. ओरा मक्याचा पाव आणि ताक घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"येत्या निवडणुकीत तुम्ही मत देणार आहात का?"

"हो," एझेल म्हणाले.

लुवेनियाला पुढचं वाचताच येईना. 'हो'च्या चौकोनात तिने खूण केली आणि तिचे डोळे भरून आले.  मग ते पुसून तिने पुढचा प्रश्न वाचला.

"कोणाला देणार?"

एझेलनी ताकाचा पेला खाली ठेवून कोटाची बटणं लावली. तिला वाटलं, नेहमीसारखं म्हणणार, उद्या ये.

"ते नाही सांगणार."

"अहो, वीस वर्षं सांगत आलात."

"तेव्हा माझ्याकडे सांगण्यापुरतंच होतं, पोरी. आता पेटीत टाकायला आहे. तिथला पडदा ओढून घेतला की आत मी एकटा. तिथे काय करतो ते शिकागोलाही नाही सांगायचं आणि कारकुनालाही नाही."

"मलाही नाही सांगत," ओरा म्हणाली. "दोन महिने डोकं खातेय मी."

लुवेनियाने कागद पाहिला. या प्रश्नाच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात एक चौकोन होता, 'उत्तर देण्यास नकार'. तो वीस वर्षं तिथेच होता. तिने त्यात खूण केली, अगदी ठळक. समासात लिहायला काहीच उरलं नव्हतं.

"हे मोजतात ना?" एझेलनी विचारलं.

"हो, ब्रदर टार्पली. हे मोजतात."