सांत्वनपत्रांची मुरियल

आमच्या गावच्या क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, मंडळींच्या शांतता समितीत नऊ माणसं होती आणि त्यांतली सहा सत्तरीच्या पुढची. शांततावादी माणसांचं एक वाईट असतं. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी हाणामारी नाही. त्यामुळे ही माणसं भरपूर जगतात आणि मग सगळी एकाच हिवाळ्यात जायला लागतात. मुरियल हेगार्थच्या वाट्याला असे लागोपाठ पाच हिवाळे आले होते.

मुरियलनं सारं आयुष्य बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत काढलं होतं. उंची बेताची, कोट तपकिरी आणि आवाज असा, की शेवटची गाडी निघून गेली हे तिच्या तोंडून ऐकताना माणसाला उलट धीर यायचा. बहुधा त्या आवाजाकडे बघूनच समितीनं एकतीस वर्षांपूर्वी सांत्वनपत्रांचं काम तिच्या गळ्यात घातलं. हॉलंडमधला कुणी तुरुंग सुधारणारा गृहस्थ वारला, नॉर्वेतल्या युद्धविरोधी शिक्षिकाबाई गेल्या, शेजारच्या खोऱ्यात फाशीविरुद्ध पत्रकं वाटणारे म्हातारबाबा गेले, की पत्र मुरियलनं लिहायचं. माणूस आपल्यातला असला तर स्मृतिलेखही तिनंच. चारशेच्या वर माणसं आपण पोचवली, असं ती म्हणायची.

पत्र लिहिण्यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण आमच्याकडे ते एकट्यानं लिहायचं नसतं. मसुदा बैठकीत मोठ्यानं वाचायचा आणि सगळ्यांना पटेपर्यंत दुरुस्त करायचा. आम्ही मतदान घेत नाही. नऊपैकी एक जण जरी म्हणाला, "माझं मन अजून तयार नाही," तरी विषय पुढच्या महिन्यावर जातो. त्यात आम्ही खरं बोलणारी माणसं. 'सर्वांचे लाडके' असं लिहिलं, की कुणीतरी विचारणार, सर्वांचे म्हणजे नक्की कुणाकुणाचे? अशानं एक पत्र निघायला सरासरी सात आठवडे लागायचे. एका विधवेला आमचं पत्र पोचलं तोवर तिचं दुसरं लग्न ठरलं होतं. मुरियलनं त्याच पाकिटात अभिनंदनाची चिठ्ठी सरकवली. ती मात्र तिनं समितीला दाखवली नाही.

सगळ्यांत जास्त अडवायचा तो हॅरल्ड पिकर्सगिल. हा निवृत्त गणित-मास्तर. तरुणपणी लढाईला नकार देऊन तुरुंगात गेलेला आणि तिथून आल्यापासून कुठलीच गोष्ट न आवडणारा. त्याला विशेषणांचा राग होता. 'अत्यंत' हा शब्द दिसला की त्याची पेन्सिल आपोआप खिशातून बाहेर यायची. मुरियलचं आणि त्याचं यापायी तीस वर्षं भांडण चाललं. आवाज एकदाही चढला नाही, म्हणून ते कधी संपलंही नाही.

चार वर्षांपूर्वी मुरियलनं या कामाचा राजीनामा दिला. थकले, म्हणाली. बहिणीला वाढदिवसाचं पत्र लिहायला बसले आणि 'कळवण्यास अतिशय दुःख होते' अशी सुरुवात करून गेले, आता पुरे. समितीला ते पटलं. फक्त हॅरल्ड म्हणाला, माझं मन अजून तयार नाही. राजीनामा पुढच्या महिन्यावर गेला. पुढच्या महिन्यात हॅरल्डचं मन तयार नव्हतं. चार वर्षांत ते एकदाही तयार झालं नाही. मुरियल दर गुरुवारी बैठकीला येई, राजीनाम्याचा विषय निघे, हॅरल्ड छताकडे बघून तेच वाक्य म्हणे, आणि मुरियल पिशवीतून पुढच्या मयताचा कागद काढी. तिचे डोळे सुजलेले असत. रडून नव्हे, टंकलेखनानं.

मग फेब्रुवारीत हॅरल्डच गेला.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी दुपारी दोनला आम्ही जमलो. आमचा चिटणीस बर्नार्ड ओलरेनशॉ यानं विषयपत्रिका वाचायला घेतली. विषय तिसरा, श्रीमती डोरोथिया पिकर्सगिल यांना सांत्वनपत्र: मसुद्यावर विचार. एवढं वाचून तो थांबला, कारण डोरोथिया पिकर्सगिल समोरच बसली होती. ती वीस वर्षं आमची सभासद होती आणि एकही बैठक तिनं चुकवलेली नव्हती. नवरा गेला म्हणून ती हीही चुकवेल, असं आम्ही धरून चाललो होतो की काय, कोण जाणे. खरं म्हणजे कुणी विचारच केला नव्हता. नियमाप्रमाणे मसुदा बैठकीत वाचल्याशिवाय धाडता येत नव्हता, आणि हजर सभासदाला वगळून संमत करता येत नव्हता. बर्नार्डनं कानापर्यंत लाल होत तिला विचारलं, थोडा वेळ बाहेर बसतेस का? डोरोथिया म्हणाली, बाहेर गारठा आहे, वाचा खुशाल.

मुरियलनं वाचलं. हॅरल्ड शांत, सोशिक आणि मृदू स्वभावाचा होता. त्याच्या जाण्यानं समितीची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे. आवाजात काहीच नव्हतं. चारशे वेळा वापरून ते शब्द गुळगुळीत झाले होते. कॉन्स्टन्स ब्रेथवेट या आमच्या सर्वांत प्रेमळ बाईंनी सुचवलं की 'मृदू'च्या आधी 'अत्यंत' घालावं.

"कॉन्स्टन्स," डोरोथिया म्हणाली, "बावन्न वर्षं त्या घरात मी राहिले. मृदू असता तर मला कधीतरी भेटला असता की गं."

कुणीतरी खोकलं. डोरोथिया पुढे म्हणाली, "माझं मन अजून तयार नाही."

आता आली का पंचाईत. आमच्या विधवेनं स्वतःचंच सांत्वनपत्र पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. मुरियलनं चष्मा काढला आणि हातांनी डोळे झाकले. दुसरं लिहायला आता तिच्यात काही उरलेलं नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"मुरियल, तुझा राजीनामा तो का अडवायचा, माहीत आहे तुला?" डोरोथियानं विचारलं. "म्हणायचा, नवा माणूस आला की मी गेल्यावर माझ्याबद्दल गोडगोड लिहून मोकळा होईल. मुरियलला मी आवडत नाही. ती नीट लिहील."

मुरियलनं चष्मा पुन्हा लावला.

"मला वाटायचं, मला छळायला करतोय."

"तेही होतंच," डोरोथिया म्हणाली.

मुरियलनं मसुदा उलटा ठेवला आणि न बघता बोलायला लागली. बर्नार्ड घाईघाईनं उतरवून घेऊ लागला. "हॅरल्डनं माझं एकही पत्र धड जाऊ दिलं नाही. मी दर महिन्याला चिडून घरी गेले, आणि दर महिन्याला घरी जाऊन त्यानं सांगितलेला शब्द खोडला. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. तो गेल्याचं कळल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं, डोरोथिया. मग तसं वाटल्याची लाज वाटली. आता कुणी अडवणार नाही, आणि काय लिहावं ते मला सुचत नाही. तुझ्या घरात आता कसं वाटत असेल, ते मी समजू शकते असं म्हणणार नाही. रविवारी जेवायला ये."

मग डोरोथिया म्हणाली, हे चालेल. एकतीस वर्षांत प्रथमच एक पत्र स्वल्पविरामालाही हात न लागता संमत झालं. बर्नार्डनं सही केली आणि टेबलावरून ते पलीकडे सरकवलं. डोरोथियानं घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

विषय चौथा, मुरियलचा राजीनामा. सगळ्यांची मनं तयार होती. चार वर्षं रखडलेलं काम अर्ध्या मिनिटात झालं.

मग बर्नार्डनं विचारलं, पुढे हे काम कोण घेईल?

शांतता पसरली. शांत बसण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही, पण ही शांतता वेगळी होती. अशी शांतता पडली की ती सहन न होऊन शेवटी मुरियल हो म्हणते, हा आमचा एकतीस वर्षांचा अनुभव होता, आणि आम्ही सगळे निर्लज्जपणे त्याचीच वाट बघत होतो. बर्नार्ड पेनाकडे बघत होता, कॉन्स्टन्स खिडकीकडे, मी माझ्या बुटांकडे. मुरियलचे ओठ एकदा उघडले. मी पाहिलं. ते तिनं पुन्हा मिटले.

मग तिनं हातमोजे घातले, आधी उजवा, मग डावा. कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली. डोरोथियाला हळूच म्हणाली, तीन-दहाची बस मिळेल, येतेस का? दोघी उठल्या. दार लागल्यावर बाहेर डोरोथिया काहीतरी म्हणाली आणि मुरियल हसली, एवढं आत ऐकू आलं.

आत आम्ही सहा जण एकमेकांच्या वयाचा अंदाज घेत बसून राहिलो.