मिठाच्या अर्जातली साखर

तहसील कचेरीबाहेर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या भाषेपुढे भलेभले अधिकारी थबकतात. फॉर्म भरायला लोक संगणकवाल्याकडे जातात, गाऱ्हाणे मांडायला माझ्याकडे येतात.

यंदा चैत्रातल्या उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पडली. पाणी एका विधवेच्या मिठागरात घुसले आणि मोसमाची अख्खी रास विरघळली. नुकसानभरपाई मंजूर झाली तरच पावसाळ्याआधी तिला खांड बुजवता येणार होती. नाहीतर मिठागर खाडीत जमा होणार होते.

मी लिहिले : ‘साखर विरघळावी त्याप्रमाणे सदर मीठ विरघळून समूळ नष्ट झाले, मागमूसही उरला नाही.’ वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवले.

“भाऊ, त्याच्यात साखर कशाला आनली?” ती म्हणाली. “मीठ असा जात न्हाय. पानी सुकला का परत बसतंय. पन चिखलात बसलेला मीठ कोन घेनार? तसा लिवा.”

“मावशी, मीठ तुमचं, भाषा माझी. साहेबाला चहातली साखर कळते.”

“चहा गरम असतो म्हनून लय साखर मावते. मिठाला गरम काय नि थंड काय!”

मी तिचा अंगठा घेतला.

दहा दिवसांनी साहेब पाहणीला गेले. मधल्या कडक उन्हात पाणी आटले होते, आणि मिठागरभर पांढरा थर चमकत होता. शेरा आला : ‘मीठ जागेवर आढळले. अर्जातील कथन खोटे.’

ती कागद घेऊन आली. रागावली असती तर बरे झाले असते. तिने टेबलावर पुडी सोडली. आत चिखलाने माखलेले करडे खडे.

“साखर हाय का बगा ह्याच्यात.”

घरी मी पत्र्यावर दोन ताटल्या उन्हात ठेवल्या, एकीत मिठाचे पाणी, दुसरीत साखरेचे. मिठाच्या ताटलीत स्वच्छ चौकोनी खडे उतरले. साखरेचा चिकट पाक झाला आणि त्याला मुंग्या लागल्या. हे तिला अंगठा देण्याआधीपासून ठाऊक होते.

दुसरा अर्ज तिने सांगितला, मी लिहिला. शेवटी एवढेच माझे : ‘पहिल्या अर्जातील खोटे कथन अर्जदाराचे नसून लेखनिकाचे आहे.’ खाली माझे पूर्ण नाव घातले. बावीस वर्षांत कुठल्याही अर्जावर ते आले नव्हते.

निकाल अद्याप नाही. काल ती सांगून गेली, खांडीतून आता होडी जाते.