बाजूला बसलेली

"आधी वास घ्या, मग बोला," असं म्हणत त्या डबा उघडून थेट माझ्या नाकाखाली धरायच्या. खुर्चीत टेकायच्याही आधी. मी मान मागे घेतली की डबा आणखी पुढे. मुगाचं वरण, दुधीची भाजी, मऊ भाकरी. "आता सांगा, ह्यात काय चुकलंय?"

काही चुकलेलं नसायचं. मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. कॅन्सरच्या पेशंटनं काय खावं हे सांगण्याचा पगार घेते. लोक येतात ते बहुतेक साखर बंद करू का आणि गव्हांकुराचा रस चालेल का, एवढंच विचारायला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मोबाइलवर सगळं वाचून आलेली. या बाई मात्र पुढे काय द्यायचं हे फारसं विचारत नसत. आजवर जे दिलं त्याचाच जाब त्या स्वतःला विचारत होत्या.

पेशंट होती त्यांची धाकटी जाऊ. घरचे मूळ साताऱ्याकडचे. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही मार्केटात माथाडी, आणि कामोठ्याच्या एकाच फ्लॅटमध्ये दोघांचे संसार. धाकटीला पन्नाशी उलटल्यावर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तोही उशिरा. ती थोरलीला आक्का म्हणायची, म्हणून मग सिस्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळेच आक्का म्हणायला लागले.

आक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा त्यांनी आमच्या कँटीनची खिचडी चमचाभर चाखली आणि वाढणाऱ्याला विचारलं, "ही आजाऱ्यासाठी हाय का आजारी पडन्यासाठी?" दुसऱ्या दिवशी घरून फोडणीच्या मिरच्या आणून त्याच्या हातावर ठेवल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला कुणी येत नाही म्हटल्यावर तिच्यासाठी वेगळा डबा सुरू झाला. मी नियमावर बोट ठेवलं तर म्हणाल्या, "तुमी लिवा की तिचं पथ्य, म्या तेच आनते."

धाकटीला मूल नव्हतं. पाळी कधी तीन महिन्यांनी, कधी पाच. त्यावर आक्कांचा उपाय एकच, तूप. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, रात्री दुधात साजूक तुपाची धार. "अंगानं भरल्याबिगर पोर कसं ऱ्हाईल?" पोर राहिलं नाही, वजन तेवढं राहिलं. घरातलं पोर म्हणजे आक्कांचा एक मुलगा. तोही धाकटीनंच मांडीवर वाढवला, असं आक्का सांगायच्या.

"माझ्याच लाडवांनी झालं का वं?" हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलं, की माझं उत्तर पाठ झालं होतं. मी सांगायचे की पाळी गेल्यावरही अंगातली चरबी थोडं हॉर्मोन बनवत राहते, आणि ते गर्भाशयाच्या अस्तराला वाढत राहायला सांगतं. अनियमित पाळी, मूल न होणं, वजन, हे सगळं मिळून धोका वाढतो. पण धोका म्हणजे कारण नव्हे. तसलेच लाडू खाऊन ठणठणीत असलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत.

"मंजी थोडा माझा हात हाय."

"आक्का, यात कुणाचा हात नसतो."

त्या डबा बंद करायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटायचं, बाईच्या डोक्यात शिरत नाही. शिरत माझ्याच डोक्यात नव्हतं.

एका दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. मांडीवर धरून बसल्या. "मॅडम, खान्याचं ऱ्हाऊ द्या. गोळीचं सांगा."

धाकटीची पाळी जाऊन तीनेक वर्षं झाली होती. गौरी यायच्या आदल्या दिवशी तिला अचानक लाल दिसलं. त्या वर्षी आक्कांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं, नव्या सुनेची पहिली गौर, गावाकडून पाहुणे आलेले. त्यांच्या घरी बाई पाळीत असली की कशाला शिवत नाही, एका कडेला बाजूला बसते. मग पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या असतातच. कुंकवाचा करंडा असतो तशी सणासुदीला ती पाकिटं आपल्याकडे घरोघरी असतात, माझ्या आईच्या कपाटातही होती. आक्कांनी स्वतः पाणी आणून धाकटीला गोळी दिली. रक्त थांबलं, गौरी थाटात बसल्या.

"म्या हासून म्हनलं बी तिला, अगं म्हातारपनी तरनी झालीस की." आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. "त्या गोळीनंच झालं ना समदं?"

नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. तसं ते खोटंही नव्हतं. "गोळीनं कॅन्सर झाला नाही," मी म्हणाले. "पण पाळी गेल्यावर परत रक्त दिसणं हीच त्याची खूण असते. तेव्हाच डॉक्टरला दाखवलं असतं तर..."

त्यांनीच पुरं केलं. "खून दिसली आन् म्या पुसली."

मग म्हणाल्या, "तिला सांगू का?"

"सांगा," मी म्हणाले. वाटलं, बाईच्या छातीवरचा धोंडा उतरेल. आपल्याला बोलायला काय जातं?

आक्कांना ते जमायला बरेच दिवस लागले. दरम्यान धाकटी दोनदा घरी गेली, दोनदा परत आली, दर वेळी आणखी वाळलेली. शेवटी एका दुपारी मी तिला प्रोटीनची पावडर कशी घ्यायची ते सांगत होते आणि आक्का तिचे पाय चेपत होत्या. चेपता चेपता, मान वर न करता, त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी उठायला हवं होतं. उठले नाही.

धाकटीनं डोळे मिटलेले. "आक्का, तुमी एकदाच दिली," ती म्हणाली. "पुढच्या मीच आनल्या मेडिकलमधनं. बंद केली की परत दिसायचं. मग परत घ्यायची. वरीसभर चाललं. तुमचा काय दोष?"

"अगं, पर का? मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर तुमी बाजूला बस म्हनला असता. मी बसले की समदं काम तुमच्या एकटीवर. तुमची कंबर गेलेली. किती ओढायचं तुमी?"

ती हे आक्कांचं मन हलकं करायला बोलत होती, हे मलाही कळत होतं. आक्कांचे हात तिच्या घोट्यावर तसेच राहिले. माझा 'सांगा' हा शब्द मला परत घ्यावासा वाटला, आणि तसं कधी करता येत नाही.

दिवाळीनंतर धाकटी गेली. आक्का काही परत आल्या नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं, पण ओपीडीत कुणी डबा उघडला की मी अपराध्यासारखी दुसरीकडे बघायचे.

धाकटीचं वर्ष सरल्यानंतरच्या गौरीला त्यांच्या सुनेचा फोन आला. "आई धड जेवत नाहीत. तुमचं ऐकतील. याल का?"

मी कामोठ्याला गेले. सून गॅसपाशी पुरणपोळ्या लाटत होती. म्हणाली, "मॅडम, माझा आज दुसरा दिवस आहे. मी बाजूलाच बसत होते, तर आईंनी हाताला धरून उठवलं. म्हणाल्या, नैवेद्य तूच करायचा आणि गौरीला तूच दाखवायचा. ह्या घरात आता कुनी बाजूला बसायचं न्हाई." मला फार बरं वाटलं. आक्का कुठे आहेत विचारलं, तर तिनं गॅलरीकडे मान केली.

त्या जमिनीवर गोणपाट टाकून भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी वेगळा तांब्या. मी जवळ जाऊन वाकले, तर त्यांनी लुगड्याचा काठ आवरून घेतला.

"शिवू नका, मॅडम."

"आक्का, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"ठावं हाय मला."

तेवढ्यात सून ताट घेऊन आली आणि त्यांच्या हातात द्यायला वाकली. आक्कांनी दोन्ही हात मागे घेतले.

"खाली ठेव," त्या म्हणाल्या. "म्या घेते."