उल्मेकेनचा तळ

उल्मेकेनच्या हाती विमानतळ सोपवला तेव्हा सगळ्या वस्तीनं नाकं मुरडली. बाईमाणूस, त्यातून सून! पण वायरलेसवर धड रशियन बोलणारं दुसरं होतं कोण? पुरुष उंटांमागे गेलेले. ज्याला नाक मुरडायचं त्यानं खुशाल मुरडावं, ती कामाला लागली.

विमानतळ म्हणजे काय, तर कॅस्पियनच्या पूर्वेकडच्या वाळवंटातलं चिकणमातीचं सपाट मैदान, काठीवरची वाऱ्याची पिशवी आणि पत्र्याची खोली. पाऊस पडून गेला की ही माती वरून वाळते नि आत लोण्यासारखी राहते. म्हणून उल्मेकेन रोज सकाळी अख्खी धावपट्टी पायी तुडवायची आणि दर पन्नास पावलांवर टाच आपटायची. टाच रुतली की तिथे लाल झेंडा आणि त्यापुढे विमान बंद, मग वरून कुणी कितीही ओरडो. अठरा वर्षांत तिच्या मैदानात एक चाक रुतलं नाही. शहरातल्या किती साहेबांना असं छातीठोक सांगता येईल?

अडचण एकच. तळाचं नाव दोसबोल, आणि दोसबोल म्हणजे तिच्या सासऱ्यांचे आजोबा. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव कझाक सून जिभेवर आणत नाही, ते मरून शंभर वर्षं झाली तरी. तेव्हा ती म्हणायची, "थोरल्यांचा तळ बोलतोय." वैमानिकही सरावले होते. "थोरल्यांचा तळ, ताई, वारा कुठला? चहा टाकलाय ना?"

एका वसंतात तिची सासू तोर्गिन पोट धरून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं तापलं. उल्मेकेननं तिला खाटेसकट वायरलेसच्या खोलीत आणलं आणि विमान मागवलं. विमान आलं, पण सोबत धुळीचा लोट आला, आणि वर वैमानिक नवा.

"खालचा तळ कुठला? नाव सांगा."

"थोरल्यांचा तळ."

"असला तळ माझ्या नकाशात नाही! मला खालचं काही दिसत नाहीये. नाव सांगा, नाहीतर मी परत फिरतो."

"खबरदार!" खाटेवरून तोर्गिन कण्हत म्हणाली. "या घरच्या कुठल्या सुनेनं ते घेतलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"मग काय, माती द्यायची तुम्हाला?"

"दे!"

उल्मेकेननं बटण दाबलं. "दोसबोल! दोसबोल तळ! वारा पश्चिमेचा. टायर पेटवलाय, काळा धूर धरून पूर्वेकडून उतरा. पश्चिमेचं टोक ओलं आहे, लाल झेंड्याच्या पुढे जाल तर रुताल."

"निर्लज्ज," सासू म्हणाली.

"शिव्या द्यायला तुम्ही हयात हव्यात ना, आई."

झेंड्याच्या दहा पावलं अलीकडे विमान थांबलं. शहरात डॉक्टरांनी तोर्गिनचं अपेंडिक्स काढलं. आणखी सहा तास गेले असते तर संपलंच होतं, म्हणाले.

बाविसाव्या दिवशी म्हातारी आपल्या पायांनी विमानातून उतरली. वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, काही तर तमाशा बघायलाच. माफी मागायला उल्मेकेन रीतीप्रमाणे वाकली. तोर्गिननं तिला दंडाला धरून उभं केलं.

"ऐका गं सगळ्याजणी," ती म्हणाली. "जिला वायरलेस येतो, त्या सुनेला नाव घ्यायची मोकळीक. बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं."

त्या उन्हाळ्यात उल्मेकेनकडे चार सुना वायरलेस शिकायला आल्या.