चार कोरे चौकोन

गवतावर रोग पडू नये म्हणून सगळे माळी देव पाण्यात घालून बसतात. लेम्पी कार्वोनेन मात्र रोग पडावा म्हणून बसायची.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, एका गोल्फच्या मैदानावर ती सव्वीस वर्षं बुरशीनाशकं तपासत होती. काम साधं, पण चुकलं की वर्ष गेलं. नोव्हेंबरात, बर्फ धरायच्या आधी, दोऱ्या ताणून गवतावर चौकोन आखायचे, प्रत्येकावर वेगळं औषध फवारायचं आणि चार चौकोन मुद्दाम कोरे ठेवायचे. मग एप्रिलपर्यंत वाट बघायची, कारण ही बुरशी बर्फाखालीच गवत कुजवते. बर्फ वितळल्यावर कोरे चौकोन कुजलेले आणि शेजारचे हिरवे निघाले, तर औषध खरं. कोरेही हिरवेच निघाले, तर औषधानं राखलं की रोगच आला नाही, हे कोणी सांगायचं?

गेली दोन वर्षं ते चारही हिरवेगार निघाले होते.

"तुमच्याकडे आता रोग पडत नाही, लेम्पी," या चाचण्या चालवणारे विद्यापीठातले प्रोफेसर हॉबर्ट फोनवर म्हणाले होते. "यंदाही तसंच झालं तर ती जागा मला बंद करावी लागेल." जागा बंद म्हणजे तिची नोकरी बंद. बाई एकोणसाठ वर्षांची, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, आणि गवताखेरीज दुसरं काही येत नाही. तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सौना, म्हणजे घरची वाफेची खोली, तापवून घाम गाळायचा आणि गप्प झोपायचं, ही फिनलंडहून येऊन तिथे वसलेल्या माणसांची रीत. झोप काही लागायची नाही, तो भाग वेगळा. आपलंच काहीतरी चुकतंय, हात थकले, नजर गेली, असं तिला रात्रंदिवस वाटायचं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती फावडं घेऊन मैदानावर गेली. बर्फाचा थर वीतभर उरला होता. नकाशा बघून तिनं पहिल्या कोऱ्या चौकोनावरचा बर्फ ओढला आणि गुडघ्यावर बसली.

गवत मेलं होतं. ओल्या कागदासारखं जमिनीला चिकटलेलं, वर करडं जाळं, कडेला गुलाबी डाग. दुसरा चौकोन तसाच. तिसरा त्याहून वाईट. चौथा तर बघवत नव्हता, आणि लेम्पी त्याच्याकडे लेकीच्या बाळाकडे बघावं तशी बघत राहिली. शेजारचे औषधाचे चौकोन हिरवे, पिवळसर, अर्धे कुजके, जसे हवेत तसे. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. हातमोज्यानं डोळे पुसले तर चष्म्याला चिखल लागला.

तेवढ्यात मैदानाचा राखणदार वायनो ओल्लिला काठी टेकत आला. आधीचा राखणदार गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, हा रुजू झाला होता. सत्तरीचा माणूस, जन्म गाईंचं दूध काढण्यात गेला. त्यानं ते चार चौकोन पाहिले आणि टोपी काढली.

"माफ कर, लेम्पी," तो म्हणाला. "यंदा माझ्याच्यानं झालं नाही. नोव्हेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालं ना, अंथरुणावर होतो."

"काय झालं नाही?"

वायनोनं बुटानं बर्फ उकरला. "ते... तुझे सुटलेले चौकोन. तुझ्या औषधात निळा रंग असतो, त्यामुळे कोरे राहिलेले लगेच कळतात. दर वर्षी चार सुटतात तुझे. तू गेलीस की मी आपला पंप घेऊन यायचो आणि मैदानाचं औषध त्यांच्यावर मारून टाकायचो."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही. चांगलं भरपूर मारायचो."

लेम्पीनं हातातलं फावडं खाली टाकलं. "अहो, मला विचारायचं तरी."

"विचारायचं कसं? बाईमाणसाला तोंडावर म्हणू, की तुला दिसत नाही? शेजाऱ्याचं कुंपण पडलं तर आपण गुपचूप उभं करून येतो. बोलून दाखवत नाही. आईनं तसंच शिकवलंय."

दोन हिवाळ्यांची मेहनत या भल्या माणसानं पुण्य म्हणून मातीत घातली होती. चिडायला हवं होतं, आणि लेम्पी चिडण्यात कमी नव्हती. पण तिला हसू फुटलं. ती बर्फात फतकल मारून बसली आणि पोट धरून हसली. जागा चांगली होती. हात चांगले होते. नजरही होती तशीच होती. मग तिनं ते चार चौकोन कशासाठी असतात ते त्याला समजावून सांगितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"म्हणजे ते मरायलाच ठेवतेस?"

"मरायलाच."

तिनं तिथूनच हॉबर्टना फोन लावला. खुब्यापासून निळ्या रंगापर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"मग लेम्पी, रोग आहे ना तिथे?"

"भरपूर आहे," ती म्हणाली. "असा रोग तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळायचा नाही."

फोन ठेवून ती मोजमाप लिहायला बसली. वायनो तिथेच घुटमळत होता.

"आणखी किती वर्षं चालेल हे तुझं?" त्यानं विचारलं.

"तीन तरी. आत्ताच फोनवर कबूल केलं हॉबर्टनी."

त्यानं त्या मेलेल्या गवताकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. "मग नोव्हेंबरात माझ्या पंपाच्या खोलीची किल्ली तूच घेऊन जात जा," तो म्हणाला. "माझा मला भरवसा नाही."