टायपिंगवाल्या मॅडम

कोर्टाच्या गेटजवळ टायपिंग करणाऱ्या मॅडम आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बोलतानाही त्यांची बोटं कठड्यावर टाइप केल्यासारखी हलत असतात. मी फारसं कुणाशी बोलत नाही. पण काल जिन्यात त्यांना हळूच विचारलं, "लग्न न झालेल्या मुलींनाही गर्भ पाडता येतो, तो सुप्रीम कोर्टाचा निकाल रद्द करा म्हणून कुणीतरी अर्ज केलाय म्हणे. होईल का हो रद्द?"

"अहो ताई, एका माणसाच्या अर्जाने एवढा मोठा निकाल रद्द होतो का? असे अर्ज मी रोज बडवते. आधी कोर्टाने तो ऐकायला तर घेतला पाहिजे."

"आणि घेतला तर?"

त्यांची बोटं थांबली. वर दारात माझी लेक उभी होती. तिच्याकडे बघून त्यांनी कोण, कसं, काहीच विचारलं नाही.

"कितवा महिना?"

"चौथा लागला. पोलिसांचं काही नको, म्हणून कोर्टाचं कळेपर्यंत थांबलोय."

"कोर्ट वर्ष लावेल, पोट थांबायचं नाही. आजचा कायदा तिच्या बाजूने आहे. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊ. मी येते."

अंगात ताप असला तरी मॅडम कोर्टाचा खाडा करत नाहीत. त्या खाडा करणार म्हटल्यावर आता एक दिवसही दवडायचा नाही हे मला कळलं, आणि मी वर जाऊन लेकीचं आधार कार्ड शोधायला लागले.